नंदा इंजिनिअर नव्हती

नंदा, तुझ्या दहाव्याला माझ्या हातात माइक होता आणि मी खोटं बोललो.

तोंडानं बोलले ते आपले पारावरचे पोपटतात्या. आपल्याकडं दशक्रियेला घाटावर काय चालतं ते तुला माहीतच आहे. प्रवचन आटपलं की गावचे, सोसायटीचे, पतसंस्थेचे सगळे एक मिनिट म्हणून उठतात आणि दहा मिनिटं बोलतात. गेलेला माणूस जिवंतपणी कधी नव्हता एवढा मोठा होऊन जातो. तू या प्रकाराला पोट धरून हसायचीस. "दादा, माझ्या दहाव्याला कुनालाच माइक देऊ नको राव, मी उठून बसंल," म्हणायचीस. मी दिला. तात्या म्हणाले, "आपल्या गावची लेक, कॉम्प्युटर इंजिनिअर नंदाताई आज आपल्यात न्हाई." मागच्या फ्लेक्सवर तुझ्या फोटोखाली ठळक अक्षरांत तेच होतं. फ्लेक्सचा नमुना आदल्या दिवशी माझ्या मोबाईलवर आला होता. 'बरोबर आहे, छापा' असं उत्तर मीच पाठवलं होतं.

पुण्याहून तुझ्या ऑफिसातल्या दोघी आल्या होत्या. त्यातली प्राजक्ता, ती चष्मेवाली, माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "दादा, मॅडम इंजिनिअर नव्हत्या. नवीन माणूस आलं की पहिल्या दिवशी त्या हेच सांगायच्या. तुम्ही आभार मानायला उठाल तेव्हा तेवढं सांगाल ना?" मी मान हलवली. उठलो. घाट माणसांनी भरलेला. "सगळे वेळात वेळ काढून आलात, आभारी आहे," एवढं म्हणालो आणि बसलो. प्राजक्ताकडं बघितलं नाही.

पिंडाला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, बाईची कसली इच्छा राहिली नव्हती. मी मान खाली घालून दर्भाची अंगठी काढत बसलो होतो. तुझी एक इच्छा मी स्वतःच्या हातानं अडवून धरली होती, आणि ते त्या घाटावर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तुलासुद्धा नाही. म्हणून हे लिहितो आहे. तोंडानं सांगायचं ते राहून गेलं.

सुरुवात कशी झाली ते बघ. तू जुन्नरला बी.ए. झालीस आणि पुण्याला एका कन्सल्टन्सीत लागलीस. काम काय, तर कंपन्यांना इंजिनिअर शोधून द्यायचे. दिवसभर फोन. तात्यांनी पारावर मला विचारलं, "नंदी नेमकं करती काय?" मी सांगितलं. तात्या जरा विचार करून म्हणाले, "म्हंजी मुकादम की! ऊसतोडीला टोळ्या आनतो, तसा." सगळा पार हसला. मला ते झोंबलं. रागारागानं तुला फोन केला तर तू त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलीस. "बरोबर हाये की, दादा. इंजिनिअरांची मुकादम! आता कुनी विचारलं तर हेच सांगनार." आणि खरंच सांगायला लागलीस.

मग तुला एक स्थळ आलं. पाहुण्यांनी पोह्याची बशी हातात घेत विचारलं, मुलगी काय करते? माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉम्प्युटर इंजिनिअर." त्या स्थळाला तूच नाही म्हणालीस, पुढच्यांनाही म्हणालीस, लग्नाचा विषय संपला. शब्द मात्र गावात राहिला. कुणी विचारलं की मी तोच द्यायचो, सुट्टे पैसे द्यावेत तसा. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी तो बसायला वीस वर्षं लागली, आणि बसला तेव्हा लागलं दुसऱ्याच कुणाला तरी.

तू काय करतेस ते मला कळत नव्हतं असं मात्र नाही. एकदा तू आळेफाट्याला माझ्या दुकानात दिवसभर बसली होतीस. स्पेअर पार्टचं दुकान, गिऱ्हाईक येऊन म्हणणार, "भाऊ, ते मागच्या चाकाच्या आतलं गोल असतं ना, ते द्या." मी न विचारता बेअरिंग काढून द्यायचो. तू म्हणालीस, "दादा, आमचं ते प्रश्नांना उत्तरं देणारं कॉम्प्युटरचं मशीन हेच करतंय. अर्धं ऐकून पुरं देतंय. फरक एवढाच, तू चुकीचा पार्ट दिलास तर माणूस उद्या येऊन तुला शिव्या घालतो. मशीनला शिव्या घालायला कुणी येत नाही." मग स्वतःच्या छातीला बोट लावून म्हणालीस, "ते काम मी करते." एवढं सोपं करून मला दुसऱ्या कुणी कधी काही सांगितलं नाही.

तू तिथवर पोचलीस कशी, तेही तूच सांगितलंस. कन्सल्टन्सीत असताना प्रत्येक इंजिनिअरला फोनवर म्हणायचीस, तुमचं काम मला कळेल असं सांगा, मी आर्ट्सवाली आहे. आणि माणसं सांगायची! कौतुकानं कुणी विचारलं की माणूस सांगतोच. तू वह्या भरल्यास. मग कंपनीनं अर्ज निवडायला मशीन आणलं, आणि तुझ्या लक्षात आलं की आपल्याकडच्या कॉलेजांची पोरं पहिल्याच चाळणीत खाली पडतायत. मध्ये दोन वर्षं घरची शेती बघितली असं लिहिलेला तर सरळ बाहेर. तू ते टाकलेले अर्ज जेवणाच्या सुट्टीत बसून वाचलेस, त्या पोरांना फोन केलेस आणि मशीन कुठं कुठं आंधळं आहे ते लिहून काढलंस. ते लिखाण कुण्या प्राध्यापकाकडं गेलं, त्यांनी बोलावलं, आणि माझी बहीण पस्तिशीत, कॉलेजातल्या पोरांच्या शेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकली. ज्या मशीननं तुझा अर्ज पहिल्या झटक्यात फेकला असता, तसल्याच मशीनच्या चुका काढायच्या कामावर संशोधक म्हणून लागली. सगळा तालुका गोळा करून सांगावी अशी ही गोष्ट. ती झाकून मी त्यावर एक साधा, गुळगुळीत शब्द ठेवला.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला तुला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा तुझी माहिती त्यांनी माझ्याकडून घेतली. पत्रिकेत काय छापून आलं ते सांगायला नको. तू स्टेजवर उभी राहिलीस, पत्रिका हातात धरलीस आणि म्हणालीस, "यात एक चूक आहे. मी इंजिनिअर नाही. इथंच बी.ए. झाले. शेवटच्या वर्षी एक विषय राहिला होता, तो ऑक्टोबरात काढला." पोरांनी जो दंगा केला! शिट्ट्या काय, टाळ्या काय. मी पहिल्या रांगेत, नारळ-शाल मांडीवर घेऊन, मान खाली.

परतीच्या वाटेवर गाडीत आपलं झालं. मी म्हणालो, "चारचौघांत माझं नाक कापलंस." तू खिडकीची काच खाली केलीस. मग विचारलंस, "दादा, तुला माझी लाज वाटती का रं?" मी म्हणालो, "तुझी कशी वाटंल?" आणि गिअर बदलला. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हो असं होतं. ज्याचं नाव गावात सांगता येत नाही असं काम करणारी बहीण मला अडचणीची वाटायची. फॉर्म भरायला मी नेलं, पहिल्यांदा पुण्याच्या एसटीत मी बसवलं, रडलोसुद्धा मीच. आणि तू एवढी पुढं गेल्यावर मला तुझी लाज वाटत होती. आज मला माझी वाटते. एवढी, की तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो की मी हाराकडं बघतो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, "काय रं, नंदी तर म्हनती मी इंजिनिअरच न्हाई?" मी म्हणालो, "मोठी माणसं अशीच बोलत्यात तात्या, पोरांना धीर यावा म्हनून." तात्यांना पटलं. वर म्हणाले, "याला म्हंत्यात संस्कार."

आता पुढचं. हे तुला माहीत नाही.

गेल्या आषाढात, भातलावणीच्या आधी, दुकानात एक मुलगी आली. चप्पल चिखलानं भरलेली, छातीशी प्लास्टिकची फाईल. तळेघरहून दोन एसट्या बदलून आली होती, पहिल्या एसटीपर्यंत चालत. नाव रोहिणी. म्हणाली, "दादा, नंदाताईंचा नंबर मिळंल का? मी बी.ए. झालीये. कॉलेजातल्या पोरी सांगत व्हत्या का ताई बी बी.ए.च हायेत. मंग त्यांच्यासारखं काम मला जमंल का, एवढंच इचारायचं व्हतं."

काउंटरला टेकून पोपटतात्या चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

नंदा, त्या क्षणी मला फक्त तुझा नंबर सांगायचा होता. दहा आकडे. पाठ होते.

मी म्हणालो, "पोरी, तू चुकीचं ऐकलंस. ती इंजिनिअर आहे. तिथं बी.ए.वाल्याला कोण विचारतंय? डी.एड. वगैरे बघ काहीतरी." ती म्हणाली, "पन पोरींनी सवता ऐकलं व्हतं." मी म्हणालो, "ती गंमत करत होती." रोहिणीचा चेहरा उतरला. तरी तिनं खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा मागून त्यावर स्वतःचा नंबर लिहिला. "ताई कवा आल्या तर द्या." मग पिशवीतून एक कापडी पुडकं काढलं. कुणाकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांची रीत. घरच्या आंबेमोहोराचे दोन-तीन शेर तांदूळ होते. "ताईंसाठी आनलं व्हतं," म्हणाली. मी तिला परत पाठवलं आणि तांदूळ ठेवून घेतले.

रोहिणी येऊन गेली त्याच्या नवव्या दिवशी तुझा फोन आला. कॉलेजच्या भांडणानंतर आपण कामापुरतंच बोलायचो, पण तू त्या दिवशी खुशीत होतीस. म्हणालीस, आपल्या डोंगरी भागातलं एखादं माणूस पाहिजे, मशीनच्या चुका काढायला. "अरे, त्याला इचारलं हिरडा कवा झोडायचा, तर ते सांगतंय पोट साफ व्हायला कोमट पान्यातनं घ्या! ज्यानं हिरडा गोळा केलाय असं माणूस पाहिजे रं. डिग्री कसली बी चालंल. फक्त चूक दिसली की गप बसनारी नको. तुझ्या दुकानात सगळा तालुका येतो. हाये का कुनी पोरगी?"

पुठ्ठ्याचा तुकडा काउंटरच्या काचेखाली होता. मी त्याच्याकडं बघत म्हणालो, "न्हाई गं. कुनी न्हाई."

का, ते सांगतो, यात काही गूढ नाही. ती मुलगी तुझ्याकडं आली असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, दादांनी मला सांगितलं तुम्ही इंजिनिअर आहात. तुला कळलं असतं की स्टेजवर तू खोडलेलं मी पुन्हा लिहिलं. तेवढं टाळायला मी तुमच्या दोघींच्या मधे उभा राहिलो. माणसाला कामाशी गाठ घालून देणं हा तुझा सगळ्यात जुना धंदा, आणि तुझ्याच सख्ख्या भावानं ती गाठ सोडली. फोन ठेवल्यावर मी तो पुठ्ठा फाडून टाकला.

गौरी-गणपतीला तू आलीस, शेवटची. सुरेखानं रोहिणीच्या तांदळाचा भात केला. पहिल्या घासाला तू डोळे मिटलेस. "वहिनी, तांदूळ कुठला गं? लई भारी वास." सुरेखानं माझ्याकडं बघितलं, तिला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बाजारातला." तू दुसऱ्यांदा भात घेतलास. तू घास घेत होतीस आणि मी भात नुसता चिवडत होतो. त्यावर 'दादाचं वय झालं' म्हणून तू मला चिडवलंस. गाडीतल्या भांडणाचा राग तू मनातून काढून टाकला आहेस, हे त्या चिडवण्यावरून मला कळलं. बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीसुद्धा लाज वाटते.

दिवाळीनंतर तुझं दुखणं कळलं आणि मग सगळं फार भराभर झालं. दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसायचो. एकदा बोलता बोलता मी अडलो. तू बारीक आवाजात म्हणालीस, "थांबलास, दादा. वीस वर्षं फोनवर मानसं ऐकलीत मी. मानूस थांबला की मला कळतं, काहीतरी मागं ठेवतोय. बोल." मी म्हणालो, "काही नाही गं, दुकानाचं टेन्शन." तू माझा हात थोपटलास. मरणाच्या दारातलं माणूस माझी समजूत काढत होतं.

दहाव्याच्या दिवशी निघताना मी प्राजक्ताला गाडीपर्यंत सोडायला गेलो. ती माइकबद्दल काही बोलली नाही. मीच विचारलं, ते डोंगरी भागातलं माणूस मिळालं का? म्हणाली, "मॅडम खूप दिवस थांबल्या होत्या. म्हणायच्या, माझ्या भावाचं दुकान फाट्यावर आहे, तो शोधून देईल. मग दुसरीकडचं कुणीतरी घेतलं. आता ते काम संपलंसुद्धा."

तो शोधून देईल. हे तू परक्या माणसांना सांगत होतीस.

परवा गुरुवारी दुकान बंद होतं. सकाळी मोटारसायकल काढली, मंचर, घोडेगाव, मग डिंभ्याच्या पुढं चढ चढून तळेघर. वाटेत काय बोलायचं ते जुळवत गेलो. निम्मं सांगायचं ठरवलं होतं. तू बी.ए. होतीस एवढं सांगायचं आणि माफी मागायची. तुझ्या फोनचं सांगायचं नाही. जागा होती आणि गेली, हे ऐकून पोरीला उगाच त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिच्या त्रासाची मला एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली, हे स्वतःला विचारलं नाही.

दोन ठिकाणी विचारलं, तिसऱ्यानं घर दाखवलं. मायलेकी खाचराच्या कोपऱ्यात राब भाजायच्या तयारीत होत्या, भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेणाचा आणि पाल्याचा थर देत. रोहिणीनं लांबूनच ओळखलं. "आळेफाट्याचं दादा ना तुमी?" आई म्हणाली, "पावनं, सावलीला बसा, च्या ठिवते." मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा घेऊन, पाऊसपाण्याचं बोलून उठून आलो असतो, मला मी चांगला माहीत आहे.

उभ्यानंच म्हणालो, "रोहिणी, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. नंदा इंजिनिअर नाही. बी.ए. आहे, जुन्नरचीच. तू ऐकलं होतंस तेच खरं."

ती चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. हाताचं शेण पाल्याला पुसत म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. पोरी कशाला खोटं बोलतील?" मग पदराला हात कोरडे केले, कमरेचा मोबाईल काढला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "मंग आता तरी नंबर द्या की, दादा. सांगा."

तिला माहीत नव्हतं. तळेघरला कोण सांगणार? आपले फ्लेक्स फाट्यापर्यंतच. मी 'बी.ए. आहे' म्हणालो होतो, तुझ्याबद्दल बोलताना अजून तेच येतं, आणि ती आकड्यांवर अंगठा धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी सांगितलं, तू नाहीस. तीन आठवडे झाले.

आईचा हात पाल्यात तसाच राहिला. रोहिणीनं मोबाईल परत कमरेला खोचला. मग हिशोब लागावा तशी हळूहळू म्हणाली, "म्हंजी मी दुकानात आले व्हते, तवा त्या व्हत्या."

इथं नुसती मान हलवून परत फिरता आलं असतं. मी थांबलो. तू असतीस तर तुला कळलं असतं, मी काहीतरी मागं ठेवतोय.

"होती," मी म्हणालो. "आणि तुझ्यासारखीच मुलगी शोधत होती. तू येऊन गेल्यावर नवव्या दिवशी तिनं मला विचारलं, कुणी आहे का. मी म्हणालो, कुणी नाही."